विश्रामबागेतला मांडव : का पडला आणि पुन्हा कसा उभा राहिला

मे २०२२. संध्याकाळी सव्वापाचला वळीव आला, अर्ध्या तासात उरकला, आणि सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या मागचा लाकडी मांडव पडला. म्हणजे पूर्ण पडला नाही. घराच्या दिशेने, पूर्वेकडे, कलला आणि मध्येच अडकला. मधुमालतीचा मनगटाएवढा बुंधा पश्चिमेच्या कुंपणभिंतीवरच्या लोखंडी अँगलला विळखा घालून बसला होता, त्याने मांडवाला मागून धरून ठेवलं. चार दिवस मांडव तसाच लोंबत होता. वेलीला आधार म्हणून केलेली वस्तू वेलीच्याच आधाराने उभी.

त्या बंगल्यातल्या काकूंचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "वेलीचं वजन झालं रे त्याला. मी म्हणतच होते." काका मागून म्हणाले, "वाळवी." शेजाऱ्यांचं मत होतं की महापुराने जमीन भुसभुशीत झाली. हे शेवटचं लगेच बाजूला काढतो. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी या घरापर्यंत आलं नव्हतं. मांडव तर त्यानंतर, त्या वर्षीच्या दिवाळीत उभा राहिला. सांगलीत काहीही पडलं की पुराकडे बोट दाखवायची आपल्याला सवय लागली आहे, एवढंच.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगचा. घरांची लहानमोठी कामं करतो, लाकडाची आवड आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण तिघांचीही कारणं चुकीची निघाली, आणि नंतर मी केलेल्या कामातही दोन गोष्टी चुकल्या.

पडलेल्या मांडवाची तपासणी

जुना मांडव १० फूट बाय ८ फूट, चार खांबांवर. खांब तीन इंची, दीड फूट जमिनीत गाडून भोवती काँक्रीट ओतलेलं. वर तुळया आडव्या ठेवून लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या, त्यांवर रिपा. सगळ्यावर पांढरा ऑइल पेंट. दिसायला छान होता, मी स्वतः त्याखाली बसून चहा प्यायलो आहे.

वेल सोडवण्याआधी मी चारही खांबांना जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. पूर्वेचे दोन खांब टणक. नैर्ऋत्येच्या खांबात दीड-दोन इंच गेला. वायव्येच्या खांबात मुठीपर्यंत गेला, आतून ओला भुसा निघाला. चारही खांब एका ठेकेदाराचे, एका दिवशी बसवलेले, वरचा रंगही तोच. मग हा फरक कशाचा?

उत्तर पायाशीच होतं. मधुमालती वायव्येच्या खांबाला अगदी खेटून लावली होती आणि तिचं आळं खांबाच्या भोवतीच केलेलं होतं. काकू अडीच वर्षं रोज सकाळी तिथं बादलीभर पाणी घालत होत्या. वेलीला घालत होत्या, पण निम्मं खांब पीत होता. नैर्ऋत्येच्या खांबाजवळ अंगणातला नळ, तो गळका. पूर्वेच्या खांबांना असं काहीच नव्हतं.

लाकूड जमिनीच्या रेषेवरच का कुजतं, हे एकदा नीट समजून घ्यावं. लाकूड खाणाऱ्या बुरशीला पाणी लागतं आणि हवाही लागते. खोल जमिनीत पाणी असतं पण हवा कमी. वर हवा भरपूर, पण लाकूड वाळतं. जमिनीच्या तोंडाशी चार-सहा इंचांच्या पट्ट्यात दोन्ही एकत्र मिळतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही, आणि त्या पट्ट्यात तो खाली राहतच नाही. काँक्रीटने संरक्षण होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं उलटं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, काँक्रीट आकसत नाही, मध्ये कागदाएवढी फट पडते. पावसात त्या फटीत पाणी उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. खांब पाण्याच्या पेल्यात उभा केल्यासारखा होतो.

खांबाचा काप घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दोन बाजूंना अर्धा-पाऊण इंच लाकूड पांढरट होतं. सागवान टिकतं ते त्याच्या तपकिरी-सोनेरी गाभ्यामुळे. भोवतीचं पांढरं लाकूडही सागाचंच, पण त्याला टिकाऊपणा कुठल्याही हलक्या लाकडाइतकाच. वाळवी होती ती त्या पांढऱ्या थरातच, आणि तीही कुजल्यावर आलेली. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते, पण त्यांनी पाहुण्याला घरमालक ठरवलं होतं.

मग वेलीचं वजन. छाटलेली सगळी मधुमालती, ओल्या पानांसकट, भंगारवाल्याच्या काट्यावर तोलली. ५८ किलो. काकूंचा विश्वास बसेना, पुन्हा तोलायला लावली. एक माणूस मांडवावर चढून बसला तर जेवढं, तेवढंच. चार खांबांना ते काहीच नाही.

मग पाडलं कुणी?

वाऱ्याने. पण वारा किती, हे आकड्यात पाहिल्याशिवाय पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक ८७५ आहे, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. मी तोच धरला. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. इथं तो सुमारे ९१३ येतो, म्हणजे ९३ किलोच्या आसपास. प्रत्यक्ष डिझाइनमध्ये यावर गुणक लागतात, पण अंगणातल्या मांडवासाठी एवढं पुरे.

मधुमालतीने पश्चिमेची अख्खी बाजू भरून टाकली होती. ८ फूट रुंद, ८ फूट उंच, ६४ चौरस फूट, जवळजवळ ६ चौरस मीटर. भिंत असती तर साडेपाचशे किलोचा रेटा. पानांतून वारा जातो म्हणून निम्मा धरला (हे निम्मं माझ्या अंदाजाचं आहे), तरी पावणेतीनशे किलो. आणि वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतं, त्यामुळे असा एक मांडव अख्खा अडीचशे किलोच्या आत. मांडवाला त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोराने कुणीतरी आडवं ढकलत होतं, आणि वेल त्या ढकलणाऱ्याला शीड पुरवत होती.

त्या रेट्याला अडवायला वर काय होतं? खिळे. काडेपेटीचं रिकामं टरफल घ्या, आतली पेटी काढून टाका आणि कोपऱ्यावर बोटाने दाबा. लगेच तिरकं होऊन चपटं होतं. चार खांब आणि वर तुळया, कोपऱ्यात तिरपं काहीच नाही, असा मांडव म्हणजे ते टरफल. पाय जमिनीत घट्ट होते तोवर त्यांनी सगळा रेटा एकट्याने सोसला. पश्चिमेचे दोन पाय कुजल्यावर सोसायला कुणी उरलं नाही.

ज्या बाजूने ऊन, त्याच बाजूने वारा

काकूंना मांडव पुन्हा हवा होता, आणि तसाच हवा होता. कारण खरं होतं: मागचा व्हरांडा पश्चिमेकडे आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत चारनंतर तिथं उभं राहवत नाही.

मला आधी वाटलं होतं, वरच्या रिपा दाट आणि उभ्या कडेवर टाकल्या की काम होईल. कागदावर सूर्य काढला तेव्हा हे बारगळलं. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या रिपेची सावली तिच्या जाडीएवढीच पडते, तिची खोली कितीही असो. आणि चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३९ अंशांवर असतो. नऊ फूट उंच मांडवात या कोनातलं ऊन ११ फूट आत शिरतं. आपला मांडव आहे १० फूट खोल. म्हणजे चार वाजता ऊन छतातून येतच नाही, छताखालून पश्चिमेच्या उघड्या बाजूने सरळ आत येतं. वर शंभर रिपा टाकल्या तरी काकूंच्या खुर्चीवर ऊन ते ऊनच.

थोडक्यात, वेल पश्चिमेला भरली होती ती योग्यच होती. तिनेच सावली दिली आणि तिनेच मांडव पाडला. या अडचणीवर मी आठवडाभर अडलो होतो.

मार्ग खुर्चीवरून निघाला. काकू बसतात पश्चिम कडेपासून पाच फूट आत. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार फुटांवर. चार वाजता त्या डोक्याला लागणारा किरण मांडवाच्या कडेला आठ फूट उंचीवरून येतो. साडेपाचला सूर्य १८ अंशांवर उतरतो, तेव्हा किरण कडेला साडेपाच फुटांच्या थोडा वरून येतो. म्हणजे अडवायचा आहे तो पाच ते साडेआठ फूट एवढाच पट्टा. त्याखाली वेलीची काही गरज नाही. पायावर ऊन पडेल, पडू दे.

साडेतीन फूट उंच, आठ फूट लांब पडदा म्हणजे २८ चौरस फूट. रेटा पावणेतीनशेवरून १२० किलोवर आला. इथं स्वतःची पाठ थोपटायचा मोह होतो, पण एक गोम आहे. आधीचा रेटा सरासरी चार फूट उंचीवर लागत होता, हा पावणेसात फुटांवर लागतो. उलथवणारी ताकद म्हणजे रेटा गुणिले उंची. ती ११०० वरून ८१० वर आली, निम्मीही नाही झाली. वाऱ्याशी तडजोड करता येते, त्याला टाळता येत नाही.

शिवाय काकू दरवर्षी वेल पाच फुटांवर छाटतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे पाये पूर्ण ६४ चौरस फुटांच्या हिशोबानेच केले.

तासगावचे मामा

काकूंचे धाकटे भाऊ तासगावकडे द्राक्षबाग करतात. घरात सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीही. नकाशा टेबलावर होता तेव्हा ते आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बागंतला कडंचा खांब कधी सरळ बघितलास का रं?"

नव्हता बघितला. त्या रस्त्याने शंभरदा गेलो असेन. ते मला बागेत घेऊन गेले. द्राक्षाच्या मांडवात मधले खांब सरळ असतात, कडेचे मात्र बाहेरच्या बाजूला कललेले, आणि त्यांच्या डोक्यावरून तार खाली येऊन जमिनीत पुरलेल्या वजनाला बांधलेली. सगळ्या मांडवाचा ताण त्या कडेच्या ओळीवर तोलून धरलेला असतो. मामांच्या शेजारच्या बागेचा मांडव मागे घडांनी भरलेला असताना वाऱ्यात बसला होता. त्यांच्या सांगण्यानुसार कडेचा एक ताण सुटला आणि पुढच्या ओळी पाठोपाठ आल्या. "मधला खांब कुणाचाबी चालतोय. कडंचा निवडून घ्यायचा."

अंगणात ताणाच्या तारा लावता येत नाहीत, नातवंडं अडखळून पडतील. तेच काम मांडवाच्या आतल्या बाजूने करायचं तर खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू हवेत. मामांनी दुसरी एक गोष्ट सांगितली जी मी विसरलो असतो. वेलीच्या पडद्यासाठी दोन खांबांमध्ये तारा ओढल्या की त्या खांबांना एकमेकांकडे ओढतात. वर तुळई असते म्हणून डोकं हलत नाही, पण तार पाच फुटांवर असेल तर खांब मध्येच वाकतो. म्हणून सगळ्यात खालच्या तारेच्या जागी लाकडाची आडवी पट्टी घातली.

टेकूवरून झालेलं भांडण

नव्या मांडवातल्या सगळ्यात जास्त चर्चा आठ टेकूंवर झाल्या. काकूंचं म्हणणं, "पडक्या घराला टेकू लावतात तसं दिसतंय." मला ते पटत होतं, म्हणून वाद लांबला. त्यांना फुटभर लांबीचे, नक्षीचे चालणार होते.

टेकू लहान केला की काय होतं ते त्यांना दाराच्या कडीवरून दाखवलं. दार कडीजवळ ढकललं तर एका बोटाने हलतं, बिजागरीजवळ ढकललं तर खांदा लावावा लागतो. टेकू कोपऱ्यापासून एक फुटावर खांबाला भिडला तर त्या जोडावर येणारा जोर अडीच फुटांवर भिडणाऱ्या टेकूच्या अडीचपट. लाकूड तो जोर सोसेल, जोड सोसणार नाही. शेवटी अडीच फुटांवर ठरलं, पण टेकू खालून किंचित कमानदार कापून घ्यायचे. खालचं टोक सहा फुटांवर येतं, काका पाच फूट दहा इंच, डोकं वाचतं. कमान मिस्त्रींनी अशी काढली की आता येणारा जाणारा पहिल्यांदा तिचंच कौतुक करतो. काकू सांगतात, कल्पना त्यांची.

लाकूड

खांब ४ बाय ४ इंच, ९ फूट. हिशोबाला सोपं माप: असा एक खांब बरोबर एक घनफूट. पूर्व-पश्चिम दोन तुळया २ बाय ६, १२ फूट, त्याही एकेक घनफूट. दक्षिणोत्तर दोन तुळया १० फुटांच्या, वर सात वासे २ बाय ४ चे, आठ टेकू. सगळं मिळून १३ घनफुटांच्या आसपास. दर इथं लिहीत नाही, वखारीगणिक आणि महिन्यागणिक बदलतो.

खांब आणि तुळयांसाठी जुन्या वाड्याचं सागवान घेतलं. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आपल्या भागात मिळतात आणि तिथं घाई न करता शोधलं तर फार चांगलं लाकूड हाती लागतं. ते अनेक वर्षं छपराखाली वाळलेलं असतं, म्हणजे जे आकसायचं ते आकसून झालेलं. हिरवं सागवान पूर्ण वाळताना वर्तुळाच्या दिशेने साधारण पावणेसहा टक्के आकसतं. सहा इंची तुळई अर्धवट वाळलेली आणली तरी पुढे दीड-एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी होते, तेवढ्यात बोल्ट ढिले पडतात. जुन्या लाकडात धोका खिळ्यांचा. मिस्त्रींनी स्पीकरमधलं मोडकं लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक तुळईवरून फिरवलं, अकरा खिळे निघाले. एक तरीही राहिला आणि रंध्याचं पातं खाऊन गेला.

वासे मात्र नव्या लाकडाचे, आणि तिथं मी वखारीत उभा राहून प्रत्येक नगाचं टोक पाहिलं. पांढरा पट्टा दिसला की बाजूला. वखारवाला दुसऱ्या तासाला माझ्याशी बोलेनासा झाला.

तुळया कडेवर उभ्या बसवल्या. जुन्या मांडवात त्या आडव्या होत्या. २ बाय ६ ची तीच तुळई आडवी ठेवण्याऐवजी उभी ठेवली की नऊपट ताठ होते. एक पैसा जास्त लागत नाही.

खड्डे आणि माझी चूक

सांगलीची काळी माती पावसात फुगते आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर हलकं काही ठेवलं तर ती ते वरखाली करत राहते. नोव्हेंबरात चार खड्डे घेतले, दीड फूट चौरस. दोन ठिकाणी तीन फुटांवर पिवळसर मुरूम लागला. उरलेल्या दोनांत चार फूट गेलो तरी काळीच. तिथं खालचा फूटभर मुरूम थराथराने भरून धुमसाने ठोकून घेतला. खड्ड्याच्या बाजूंना जाड प्लास्टिक लावून मग काँक्रीट ओतलं, म्हणजे फुगणारी माती पायाला घट्ट धरून वर उचलणार नाही, घसरून जाईल. एकेका पायाचं वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. वारा एका खांबाला वर उचलू पाहतो तो हिशोबाने ५५ किलोने. इथं निश्चिंत.

चारही पाये गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का ते कर्ण मोजून पाहिलं. १० बाय ८ चा कर्ण १२ फूट ९ इंच ५ सूत. आमचा एक कर्ण दोन सुतांनी जास्त आला, मिस्त्री म्हणाले चालतंय, आणि चाललं.

खांब जमिनीत गाडायचाच नाही हे ठरलेलं होतं. काँक्रीट जमिनीवर चार इंच काढलं, त्यात स्टेनलेसचा यू आकाराचा बूट, बुटात खांब बोल्टने. बूट कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये मी स्वतः काढलेल्या नकाशावरून झाले. साधं लोखंड टाळलं, कारण सागात टॅनिन असतं, लोखंडाला लागून पाणी मिळालं की काळे ओघळ येतात.

बूट बसले, खांब उभे राहिले, ओळंब्यात आले. आणि डिसेंबरात एक बेमोसमी सर आली. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो तर चारही बुटांत अर्धा इंच पाणी. तळाची पट्टी सपाट, दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, आणि उरलेल्या दोन बाजूंना काँक्रीटचा रंधा इतका नेटका मारलेला की कड तयार झालेली. जुन्या ठेकेदाराने काँक्रीटचा पेला केला होता, मी स्टेनलेसचा केला. मिस्त्री काही बोलले नाहीत. बाजूला जाऊन तंबाखू मळत उभे राहिले, ते जास्त लागलं.

खांब उतरवले. तळाला दोन-दोन भोकं पाडली, काँक्रीटची कड फोडून बाहेर उतार दिला, खांबाच्या बुडाखाली वायसर ठेवून तीन सूत मोकळी हवा सोडली. खांबाचं बूड हे लाकडाचं उघडं तोंड असतं, तिथून पाणी नळीसारखं वर चढतं. त्यावर इपॉक्सीचे दोन हात दिले. हे सगळं पहिल्यांदाच नकाशात असायला हवं होतं.

वरचे जोड तसे सोपे. खांबाच्या डोक्यात खाच, तिच्यात तुळई बसलेली, आरपार बोल्ट. भार खाचेवर, बोल्ट फक्त जागेवर धरायला. बोल्टची भोकं एक सूत मोठी घेतली. लाकूड फुगेल तेव्हा त्याला जागा हवी, नाहीतर ते बोल्टच्या रेषेत चिरतं.

तेल, बुरशी आणि नंतरचे दोन पावसाळे

ऑइल पेंट नको यावर सगळे एकमत. त्याला एकदा चीर पडली की आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. मिस्त्रींनी जवसाचं तेल सुचवलं, मी होकार दिला. तीन हात दिले, लाकूड असं उजळलं की काकूंनी फोटो पाठवून नातेवाइकांना भंडावून सोडलं. पहिल्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या बाजूला काळे ठिपके आले. कच्चं जवसाचं तेल बुरशीला खाद्यच आहे, हे मला पुस्तकात ठाऊक होतं आणि कामावर आठवलं नाही. ब्रशने घासून, वाळवून, त्यावर बुरशीनाशक असलेलं बाहेरच्या लाकडाचं तयार तेल दिलं. ठिपके वरवरचे होते, लाकडाला धक्का नव्हता. माझी दुसरी चूक ती हीच.

तेलाच्या चिंध्यांबद्दल एक सांगून ठेवतो. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा करून टाकलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मिस्त्रींना हे पटत नव्हतं, पण त्यांनी माझं मन राखायला त्या दोरीवर वाळत घातल्या.

मधुमालती नव्याने लावली ती खांबापासून दोन फूट लांब, बाहेरच्या बाजूला. आळं तिच्याभोवती, खांब कोरडा. तिथून तार तिरपी वर नेली आहे. पहिल्या वर्षी काकूंना ते विद्रूप वाटायचं, आता तार दिसत नाही. नळ दुरुस्त झाला, तीन वर्षं राहिलेलं काम दहा मिनिटांत.

२०२३ आणि २०२४ असे दोन पावसाळे आणि त्याआधीचे वळीव झाले. दर दिवाळीला मी ओळंबा घेऊन जातो. नैर्ऋत्येचा खांब पहिल्या वर्षी एक सूत बाहेर गेला, त्या खड्ड्यात मुरूम लागला नव्हता. दुसऱ्या वर्षी तेवढाच राहिला. बोल्ट एकदा आवळले. वेल मामा येऊन छाटून जातात. त्यांची ऑक्टोबर छाटणी आटोपली की हत्यारं हातात असतातच, पाच फुटांवर दोरी बांधतात आणि खालचं सगळं साफ. काकू तेव्हा घरात थांबतात.

मांडव उभा राहिल्यावर महिन्याभरात काकूंनी झोपाळा मागितला होता. मी नाही म्हटलं. झोका ४५ अंशांपर्यंत गेला तर खालून जाताना दोरीवर वजनाच्या दीडपटीहून जास्त ताण येतो, आणि तो दर झोक्याला पुढेमागे हिसके देतो. हा मांडव त्या हिशोबाने केलेला नाही, हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला आणि घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

गेल्या दिवाळीत ओळंबा सोडताना उत्तरेच्या तुळईत दोन पितळी कड्या दिसल्या. कडीखालचं लाकूड घासून चकचकीत झालेलं. काकांना विचारलं तर म्हणाले, "कपड्यांच्या दोरीसाठी आहेत त्या." मी दोन्ही बाजूंचे टेकूंचे बोल्ट पुन्हा एकदा आवळले आणि चहा घेतला.